दुपारी खाणारा काटा

ट्रक भुईकाट्यावरून पूर्ण उतरला, त्याची मागची चाकं डांबरी रस्त्याला लागली, तरी केबिनच्या खिडकीतल्या लाल आकड्यांत साठ किलो शिल्लक होते. लोखंडी प्लॅटफॉर्म रिकामा होता. त्यावर एक चिमणीही बसलेली नव्हती. मी उसाच्या रसाचा ग्लास हातात धरून बघत राहिले. जरा वेळाने खालून कुठून तरी ‘टक्’ असा आवाज आला आणि आकडे शून्यावर गेले.

“वहिनी, रस संपवा, बर्फाचं पाणी झालं,” अभिनंदनभाऊजी म्हणाले. “ऊन आणखी वाढायच्या आत प्लॉट बघून येऊ.”

अभिनंदन माझे धाकटे दीर. सांगलीच्या आसपास प्लॉट पाडून विकणाऱ्या एका माणसाकडे ते गिऱ्हाइकं नेत, आणि त्यांचं सगळ्यात चिवट गिऱ्हाईक मी होते. वीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी ज्या तेलाच्या कारखान्यात केमिस्ट होते तो बंद पडला. फंड, ग्रॅच्युइटी आणि भरपाई मिळून सहा लाख रुपये माझ्या नावावर बँकेत येऊन पडले आणि तिथेच पडून राहिले, कारण मला ठरवता येत नव्हतं. मला हवं होतं ते साधंच होतं. बंद झालेल्या पगाराच्या जागी दर महिन्याला काहीतरी यावं. माझं, कुणाकडे न मागता. पण मुदतठेवीचं व्याज दर नूतनीकरणाला खाली येत होतं. शेअरांची माहिती मी वर्षभर वाचली आणि एकही घेतला नाही. मार्केट यार्डाजवळचा एक गाळा पसंत होता. मी भाडेकरूची चौकशी करत बसले तोवर तो दुसऱ्याने घेतला. माझे पती शीतल शाळेत भूगोल शिकवत. ते चिडत नसत. फक्त विचारत, “आणखी एक रीडिंग घ्यायचंय ना?” आमच्या घरात ती म्हणच झाली होती. मी दोन साड्यांपुढे घुटमळले तरी मुलगी हेच म्हणे.

“जमिनीचं कसं असतं वहिनी,” भाऊजी म्हणाले, “ती खायला मागत नाही, प्यायला मागत नाही.”

“घालतही नाही.”

“घालते की! दहा वर्षांनी घालते. एकदम पंगतच!”

“आणि दहा वर्षं मी काय करू?”

“उपास. आपल्यात काय उपासांची वाण आहे होय?”

मी हसले. तेवढ्यात काट्यावर भांडण पेटलं. हळदीची पोती भरलेला एक ट्रॅक्टर प्लॅटफॉर्मवर उभा होता आणि त्याचा मालक केबिनच्या दारात हात नाचवत होता.

“अक्का, गावातनं तोलून आणलीया हळद. हितं दीड क्विंटल कमी? वाटंत काय गाईनं खाल्ली?”

त्याच्या मागे एका व्यापाऱ्याचा दिवाणजी आपली पाळी यायची वाट बघत होता. त्याची तक्रार उलटी होती. “आणि आमचं काय? भरलेली गाडी काल सकाळी तोलली, रिकामी दुपारी. रिकाम्या गाडीचं वजन तुम्ही कमी दाखवलं, म्हणजे हळद जास्त भरली. ते जादा पैसे आमच्या शेठनी मोजले.”

केबिनच्या दारात एक साठीची, उंच, कपाळाला विभूती लावलेली बाई आली. तिच्या हातात खराटा होता.

“दोघं मिळून एकदाच शिव्या द्या,” ती म्हणाली. “निरनिराळ्या ऐकायला मला सवड न्हाई.”

रसवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली. “कोरे अक्का. दुपारी खाणारा काटा म्हणतात ह्याला. मालक होते तवा हितं गाड्यांची रांग लागायची, माझा रस बी पुरायचा न्हाई. मालक गेले, चार वरसं झाली, आन् काट्याचं नाव खराब झालं. आता म्हातारी इकायला बसलीया. जागंसकट पाच लाख म्हणती. पर खोटा काटा कोण घेणार?”

मी ग्लास खाली ठेवला. काहीतरी जुळत होतं, आणि ते इतक्या वेगाने जुळत होतं की मला उभं राहावं लागलं. अनोळखी माणसांत मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी रस्ता ओलांडून गेले आणि बोलले.

“हा काटा खोटा नाही.”

तिघंही माझ्याकडे वळले.

“खोटा काटा एका बाजूचा असतो,” मी म्हणाले. “व्यापाऱ्याचा असेल तर शेतकऱ्याला बुडवेल. हा दोघांनाही बुडवतोय. हा कुणाच्याच पक्षाचा नाही. याला काहीतरी होतंय.”

अक्काने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. “डाक्टरीण हाईस काय?”

“केमिस्ट.”

“औषधाचं दुकान?”

“नाही. कारखान्यात तेल तपासत होते.”

“मग ह्याचं बी तेल काढ बघू,” ती म्हणाली, पण खराटा तिने भिंतीला टेकवला. “वजनमाप खात्याचा साहेब येतोय. वजनं ठेवून बघतोय, बरोबर हाय म्हणतोय, शिक्का मारतोय.”

“कधी येतात ते?”

“सकाळी. ह्या उन्हात कोण येतंय?”

मी रस्त्याकडे पाहिलं. रुंदीकरणाचं काम चाललं होतं. कडुलिंबाच्या सावलीत एक रोडरोलर उभा होता, आणि त्याच्या पुढच्या लोखंडी चाकाला टेकून त्याचा ड्रायव्हर झोपला होता. हळद सुकते, ट्रक रिकामे होतात, माणसं खोटं बोलतात. रोलर सकाळी जेवढा असतो तेवढाच दुपारी असतो.

“वहिनी, प्लॉट!” रस्त्यापलीकडून भाऊजी ओरडले.

“उद्या,” मी म्हणाले.

“झालं,” ते रसवाल्याला म्हणाले. “रीडिंग!”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी एकटीच आले. अक्का सडा घालत होती. मी काय मागतेय ते ऐकून ती आधी हसली आणि मग रोलरवाल्याला हाक मारायला स्वतःच गेली. त्याचं नाव तायाप्पा. त्याला तो अपमान वाटला.

“माझा रोलर रस्ता दाबायला हाय, तोलून घ्यायला नव्हं.”

“तोल की रं. तुझं बी वजन कळंल. बायकोला सांगायला हुईल.”

“आन् साहेब आला तर?”

“साहेबाला बी तोलू. भजी घालते दुपारची. चल.”

भज्यांवर तो उठला. रोलर इतक्या हळू प्लॅटफॉर्मवर चढला की रसवाला, पंक्चरवाला आणि दोन ट्रकड्रायव्हर बघायला जमले. आकडे धावले, थांबले. नऊ हजार सहाशे चाळीस. रोलर उतरला, आकडे सरळ शून्यावर. अक्काने पावती फाडून माझ्या हातात दिली.

मी प्लॅटफॉर्मच्या टोकाशी गुडघे टेकले. प्लॅटफॉर्म ज्या खड्ड्यात बसवतात त्याची काँक्रीटची भिंत आणि लोखंड यांच्यामध्ये बोटभर फट असायला हवी. तिथे फट नव्हती. केसाएवढी रेघ होती. ती पावती मी रेघेत घातली. अलगद आत गेली.

“तितं काय पोस्टाची पेटी हाय काय?” तायाप्पा म्हणाला.

ऊन चढत गेलं. मी केबिनच्या सावलीत बसले होते, पण बसवत नव्हतं. मधेच उठून लोखंडाला हात लावून येत होते. अक्काने दोनदा विचारलं, “कसली वाट बघतीयास?” आणि दोनदा मी म्हणाले, “तापायची.”

तळहात ठेवता येईना तेव्हा तायाप्पाला पुन्हा बोलावलं. नऊ हजार चारशे ऐंशी.

“आयला!” एक ट्रकड्रायव्हर म्हणाला. “रोलर वाळला!”

मी धावत टोकाशी गेले. खरोखर धावत. पावती आत जाईना. मी जोर केला तर तिची चुरगळून गोळी झाली. लोखंड आणि भिंत यांनी एकमेकांना घट्ट धरलं होतं.

“अजून उतरेल,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “आणखी तासाभराने नऊ हजार चारशेच्याही खाली जाईल.”

“लावता पैज?” पंक्चरवाला म्हणाला.

“लावते. सगळ्यांची भजी.”

मी आयुष्यात पैज लावली नव्हती. तासाभराने रस्त्यावरची गर्दी वाढली होती. भाऊजीही मोटारसायकलवरून मला शोधत आले होते आणि गर्दीत घुसले होते. रोलर चढला. आकडे धावले. नऊ हजार तीनशे वीस. ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. तायाप्पा वरून विचारत होता, “किती? किती? आरं, माझा रोलर हाय का गेला?” रोलर उतरल्यावर आकड्यांत ऐंशी किलो अडकून राहिले आणि मग ‘टक्’ वाजलं. त्या आवाजाने मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

भाऊजींनी मला बाजूला ओढलं. “कळलं तुम्हाला काय झालंय ते?”

“कळलं. प्लॅटफॉर्म उन्हात वाढतो. पंधरा मीटरचं लोखंड, करंगळीच्या नखाची अर्धी रुंदी वाढलं तरी पुरे. फट बुजलीय, म्हणून दोन्हीकडच्या भिंतींत पाचरीसारखं अडकतं. गाडीचं थोडं वजन भिंतीच उचलतात. ते खाली मोजणाऱ्या यंत्रापर्यंत पोचतच नाही.”

“दुरुस्तीला खर्च?”

“एक पहार. एक छिन्नी.”

भाऊजींनी डोळे मिटले आणि उघडले. “वहिनी, आता माझं ऐका. ओठ शिवून टाका. आत जा, खोटा काटा म्हणून नाक मुरडा, पाच लाखांत सौदा करा, आज इसार द्या. कागद झाले की मग फट काढा. पूर्वीसारखी रांग लागली तर दरमहा बँकेच्या तिप्पट येतील. मी प्लॉट विकणारा माणूस सांगतोय, असला माल मी जन्मात बघितलेला नाही!”

त्यांचा हिशेब बरोबर होता. मी सकाळपासून मनात तोच मांडत होते. दिवसाच्या गाड्या, गाडीमागे मिळणारे पैसे, वीज, वर्षाची तपासणी. दोन वर्षं मी जे शोधत होते ते माझ्यासमोर उन्हात तापत पडलं होतं, आणि कमी भावात.

तेवढ्यात अक्का भज्यांची परात घेऊन आली. परात तिने तायाप्पाच्या हातात दिली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“काय दिसलं गं बाई? माझा काटा चोर हाय का?”

भाऊजींनी माझ्या पदराचं टोक ओढलं. खरं सांगायचं तर प्रामाणिकपणा वगैरे काही माझ्या मनात आलं नाही. उत्तर तोंडात मावत नव्हतं, एवढंच.

“नाही,” मी म्हणाले. “अडकलाय. या इथे.”

मी तिला टोकाशी नेलं आणि रेघेवरून बोट फिरवलं. फट भरून काढलेला गिलावा टणक आणि गुळगुळीत होता. त्याच्यावर बोटांच्या लाटा उठल्या होत्या, चुलीवर असतात तशा.

“अक्का, ही फट कुणी भरली?”

“कुणी म्हंजे? मी. पाडव्याच्या आधी दरसाल लिंपते. माती, शेण, मूठभर सिमिट. त्यातनं उंदीर जात्यात, वायरी कुरतडत्यात. पावसाचं पाणी खड्ड्यात उतरतंय. भेग दिसली की लिंपायची, आईनं शिकवलंय मला.”

“मालक असताना?”

“त्येंचं आपलं रोज सकाळी सळई घेऊन खरडणं चालायचं. म्हणायचे, काट्याला जरा श्वास घेऊ दे. मी म्हणायची, रिकामा उद्योग...”

ती थांबली. गिलाव्यावरच्या लाटांकडे बघत राहिली. मग स्वतःच्या बोटांकडे. कुणी भजी खात नव्हतं.

“चार वरसं,” अक्का म्हणाली. “चार वरसं लोक मला चोर म्हणत्यात. आन् मी आपली सारवत बसले.”

मला वाटलं आता ती रडेल. ती वळली, केबिनमागे गेली आणि खांद्यावर पहार घेऊन आली.

“सरका.”

पहिला घाव तिनेच घातला. मग दुसरी पहार पंक्चरवाल्याने आणली, ड्रायव्हरांनी स्क्रूड्रायव्हर काढले, कालचा हळदवाला आजही आला होता, तो कोयता घेऊन बसला. भाऊजी पांढऱ्या पँटीत गुडघ्यांवर होते आणि ढेकळं उपसताना पुटपुटत होते, “आधी इसार, मग फट. आधी इसार, मग फट. शाळेतलं पोर सांगेल.” मी लोखंडी पट्टी घेऊन फटीतून फिरवत होते, अडली की ओरडत होते, “इथे!” माझ्या बांगड्या, नखं, साडीचा काठ, सगळं मातीने भरलं. मेलेला एक उंदीरही निघाला. “हा बघ, आतच कोंडलंस की गं ह्याला,” तायाप्पा म्हणाला, आणि अक्का पहिल्यांदा हसली.

शाळा सुटल्यावर मला न्यायला शीतल स्कूटरवर आले तेव्हा मी प्लॅटफॉर्मच्या टोकाशी पोतं अंथरून पालथी पडून फटीत डोकावत होते. त्यांनी स्कूटर लावली, माझी एक चप्पल रस्त्यात होती ती उचलली आणि काही न विचारता उभे राहिले.

ऊन अजून कडक होतं. लोखंडाला हात लागत नव्हता. अक्काने हाताने खूण केली आणि तायाप्पाने रोलर चढवला. या वेळी कुणी शिट्टी वाजवली नाही. आकडे धावले, एकदा मागे आले आणि थांबले.

नऊ हजार सहाशे चाळीस.

मग जो गलका उठला तो मला अजून ऐकू येतो. हळदवाल्याने डोक्यावरची टोपी वर उडवली. रसवाल्याने “सगळ्यांना रस, पैसे कोण मागतंय!” असं जाहीर केलं आणि लगेच “एकेक ग्लास” असं पुढे जोडलं. अक्का खिडकीतल्या आकड्यांना हात लावून बघत होती, ताप बघावा तसा.

गलका ओसरल्यावर भाऊजी घसा खाकरून पुढे झाले. “अक्का, आमच्या वहिनींना काटा घ्यायचाय. पाच लाख म्हणाला होता तुम्ही.”

“कालच्या काट्याचं म्हणाले होते,” अक्का म्हणाली. “तो काटा गेला. ह्याचं सात.” ती पायरीवर बसली. “आन् ह्यो तरी का इकू? हुबळीला लेकीकडं जाऊन तोंड लपवणार होते. आता लपवायचं काय कारण?”

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचंच घर जाळलंय. “बघा! तुमच्या हातानं दोन लाख चढवलेत. आणि आता विकायलाही तयार नाहीत.”

अक्काची नजर माझ्यावर होती. “तू बोल, बाई. तुझं काय म्हणणं? तू नसतीस तर आज मी चोरच राहिले असते. पर मला खुर्ची सोडवंना झालीया.”

मला गाळा आठवला. त्या दिवशीही असंच कुणीतरी माझ्या उत्तराची वाट बघत होतं आणि मी म्हणाले होते, दोन दिवसांनी सांगते. शीतलनी चप्पल माझ्या पायांशी ठेवली आणि नेहमीच्या शांत आवाजात विचारलं, “मग? आणखी एक रीडिंग घ्यायचंय ना?”

तायाप्पा रोलर खाली उतरवत होता. पुढचं चाक उतरलं, मागची उतरली. मी खिडकीतल्या आकड्यांकडे पाहत होते. काही उरलं नाही, काही वाजलं नाही. ते सरळ शून्यावर गेले.

“नको,” मी म्हणाले. “अक्का, अर्धा काटा मला द्या. सात लाखांच्या हिशेबाने, साडेतीन माझे. खुर्चीवर तुम्हीच बसायचं, फटीकडे मी बघणार. आणि आजपासून सारवायचं ते फक्त अंगण.”